कर्त्याच्या जागी

किलीबेग्जच्या बंदरावर मंगळवारी सात वाजता
मासळीच्या कारखान्यातली पाळी सुटते
आणि जुन्या बर्फघराच्या वरच्या मजल्यावर
इंग्रजीचा वर्ग भरतो.
हात कितीही धुतले तरी
बांगड्याचा वास वह्यांच्या कडांना लागतोच.

नुआला फळ्यावर लिहिते:
मायसेल्फ, युअरसेल्फ, हरसेल्फ, हिमसेल्फ.
"क्रिया ज्याच्यापासून निघते
त्याच्याच दारी फिरून येते, तेव्हा हे शब्द.
मात्र कर्त्याच्या जागी यांना बसवायचं नाही.
ती खुर्ची दुसऱ्याची."

नुगझार अंगठा वर करतो,
पट्टीतून लाल झिरपलेलं.
"आय कट मी."
"मी नव्हे, मायसेल्फ."
(इंग्रजीतलं 'मी' आपल्या 'मी'सारखं
वाक्याच्या तोंडाशी येत नाही,
मागे उभं राहून मार खातं.)
"रक्त तेवढंच," नुगझार म्हणतो, "शब्द लांबला."

मग तो सांगतो, जॉर्जियात इथे 'डोकं' म्हणतात.
माणूस स्वतःला फसवत नाही,
आपल्या डोक्याला फसवतो.
इख्लास म्हणते, आमच्या अरबीत जीव.
मी जिवाला विचारते, जिवाला दोष देते.
युक्रेनचा रोस्तिस्लाव खांदे उडवतो:
आमच्याकडे सगळ्यांत मिळून एकच.

मराठीचंही 'स्वतः'वर भागतं,
मी, तू, तो, ती, कुणीही अंगात घालावा
असा खुंटीवरचा सदरा.
इथे प्रत्येकाला वेगळा,
मापानं शिवलेला.

साडेआठला मॅनस हीटर बंद करायला येतो.
दारातच इख्लास दिसते.
"इज इट युअरसेल्फ!"
इख्लास वहीत बोट फिरवते,
हा प्रकार कुठल्याच रकान्यात नाही.
"स्वागत आहे ते," नुआला हसते,
"अगं, तूच का, ये, असं."

आणि मॅनस हीटरशी वाकलेला असतानाच विचारतो,
"अँड हाऊ इज हिमसेल्फ?"

नुआला खडूची पेटी मिटते.
पुन्हा उघडते.
"हिमसेल्फ इज नॉट हिमसेल्फ टुडे."

चार पेनं एकदम चालू लागतात.
नुगझार लिहिता लिहिता थांबतो:
"टीचर, पहिला हिमसेल्फ
कर्त्याच्या खुर्चीत बसलाय."
"बसलाय खरा," नुआला म्हणते.
"इकडे घरच्या कर्त्याला असंच म्हणतात."
नाव न घेता,
आपल्याकडच्या बायका 'हे' म्हणत, तसं.

घरचा कर्ता टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असतो,
खोली नंबर नऊ.
चाळीस वर्षं जाळी विणली त्यानं,
आता स्वेटरची बटणं
त्याच्या बोटांना परकी.
नुआला पोचते तेव्हा फर्गल खिडकीशी,
बाहेर अंधार, काचेत दिवा.
"बाहेर कुणीतरी उभा आहे," तो म्हणतो.
"म्हातारा आहे बिचारा. गारठेल.
आत घे त्याला."

क्रिया निघाली होती त्याच्यापासूनच.
परत येताना काचेपाशी अडली,
दार तेवढं सापडलं नाही.

नुआला पडदा ओढते.
ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकते,
कोटाला बांगड्याचा वास.
त्या वासानं की कशानं, फर्गल वळतो,
तिच्याकडे पाहतो, पाहत राहतो.

"इज इट युअरसेल्फ"

यापुढे उद्गारचिन्ह द्यावं की प्रश्नचिन्ह,
ऐकून कळत नाही.
फळ्यावर असतं तर तिनं विचारलं असतं.

"इट इज," ती म्हणते,
आणि थोड्या वेळानं, नियमाला सोडून,
"मायसेल्फ इज हिअर."

चूक आहे. लाल पेन पर्समध्येच आहे.
ती त्याच्या स्वेटरची बटणं लावत बसते,
खालून वर,
एक घर चुकलेलं.